मुलांनी मुलांना दिलेला हात

२७ ऑगस्ट २०२२ रोजी रोममध्ये दोन भारतीय आर्चबिशपांना कार्डिनलपद मिळाले. एक आपल्या गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव आणि दुसरे हैदराबादचे अँथनी पूला. पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. १९६१ साली आंध्रातील चिंदुकूर येथे गरीब कुटुंबात जन्मलेल्या पूला यांची शाळा सातवीनंतर सुटली होती. मिशनऱ्यांनी आधार दिला आणि शिक्षण पुन्हा सुरू झाले. पुढे कर्नूलचे बिशप होण्यापूर्वी, कडप्पा धर्मप्रांतात गरीब मुलांना व वृद्धांना साह्य करणाऱ्या एका योजनेची जबाबदारी त्यांनी स्वतः सांभाळली.

असे साह्य मोठ्यांनीच करायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कॅथलिक चर्चमध्ये मात्र मुलांनी मुलांना साह्य करण्याची जुनी परंपरा आहे. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बिन-जान्सों यांनी १८४३ साली ‘होली चाइल्डहूड’ संस्था स्थापन केली. चीनमधील टाकून दिलेल्या बालकांच्या हकिकती मिशनऱ्यांच्या पत्रांतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या. लिओंच्या पोलिन जारिको यांच्याशी विचारविनिमय केल्यावर त्यांनी फ्रेंच मुलांपुढे साधा नेम ठेवला: दररोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक ‘सू’, म्हणजे अगदी हलके नाणे.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. मरणासन्न बालकांना बाप्तिस्मा देणे हाही तेव्हाच्या कार्याचा भाग होता. त्यातून चीनमध्ये संशय वाढला. १८७० साली तिएन्त्सिन येथे मिशनऱ्यांच्या अनाथालयाविषयीच्या अफवांतून रक्तरंजित दंगल उसळली. परक्याच्या मुलाला मदत करताना त्याच्या समाजाचा विश्वासही संपादन करावा लागतो, हा त्या घटनेचा धडा आहे.

१९२२ साली पोप अकरावे पायस यांनी या संस्थेला पोपप्रणीत संस्थेचा दर्जा दिला. विविध देशांतील मुलांचे पैसे एका सामायिक निधीत जमा होतात आणि शिक्षण, आरोग्य, संरक्षण यांसाठी गरजू प्रदेशांत जातात. याच भावनेतून जर्मनीत १९५९ पासून मुले तीन राजांचा वेष करून घरोघर गाणी गातात आणि जगभरच्या मुलांसाठी निधी गोळा करतात.

या योजनेचे मर्म रकमेत नाही. आईवडिलांनी ऐनवेळी हातावर ठेवलेली नोट पाकिटात टाकली, तर मूल केवळ निरोप्या ठरते. स्वतःच्या खाऊचे पैसे वाचवून दिले, तर दुसऱ्याच्या उणिवेची थोडी तरी जाणीव त्याला होते. म्हणूनच गरीब देशांतील मुलांनीही यथाशक्ती द्यावे, असा संस्थेचा आग्रह असतो. घेणाऱ्यालाही देता येते, हे कळले की मदतीतला कमीपणा नाहीसा होतो.

आपल्या घरांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांसमोर दानपेटी ठेवताना एवढे भान जरूर ठेवावे. ज्याच्यासाठी हे नाणे जाते, ते मूल दयेचा विषय नसते. सातवीत अडलेला एखादा विद्यार्थी पुढे किती दूर जाऊ शकतो, हे हैदराबादने पाहिले आहे.