बेटाला वारा, बालाघाटाला पाणी

२२ सप्टेंबर २०२५ ला तुळजापुरात घट बसले. त्याच दुपारी, आपल्याकडे साडेबाराच्या सुमाराला, फिलिपिन्सच्या उत्तर टोकापलीकडच्या पानुइतान या बेटावर ‘रागासा’ नावाचं महाटायफून धडकलं. पानुइतान म्हणजे बाबुयान द्वीपसमूहातल्या कालायान बेटाच्या कडेला असलेला एक ठिपका. साध्या नकाशात तो सापडतही नाही. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर होता. तुळजापूर १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ते बेट १९ च्या थोडं वर, म्हणजे आपल्या गावातून नाकासमोर पूर्वेला निघालं तर पावणेपाच हजार किलोमीटरवर जवळपास तिथेच पोचायचं.

त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यात परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं पुराने वेढली होती आणि अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं होतं. दोन बातम्या एकाच पानावर आल्या की माणूस त्यांची गाठ मारतोच. पण रागासाचं पाणी काही परंड्यात पडलं नाही. आपल्याकडचा पाऊस बंगालच्या उपसागराच्या बाजूने सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा होता आणि रागासा तेव्हा दक्षिण चीनच्या वाटेवर होतं.

तरीही टायफून तुळजापूरच्या बाजूला येऊ शकतं का, हा प्रश्न वेडगळ नाही. एक आलं होतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये थायलंडच्या आखातात ‘गे’ नावाचं टायफून तयार झालं. ३ नोव्हेंबरला त्याने ‘सीक्रेस्ट’ हे तेलविहिरी खोदणारं जहाज उलटवलं, त्यावरचे ९१ जण गेले. दुसऱ्या दिवशी ते थायलंडच्या चुम्फोन प्रांतातून चिंचोळी जमीन ओलांडून अंदमानच्या समुद्रात उतरलं, बंगालच्या उपसागरात पुन्हा तापलं आणि ८-९ नोव्हेंबरच्या रात्री आंध्रात कावलीजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्याचा शेवट झाला तो १० तारखेला, महाराष्ट्रावर. प्रशांत महासागराच्या बाजूचं वादळ दख्खनच्या पठारावर येऊन विरलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहावं असं त्यात नावही उरलं नव्हतं.

वादळाचं बळ समुद्राच्या उबेत असतं. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की त्याची वाफ भराभर वर चढते, वर गेल्यावर तिचे थेंब होतात आणि थेंब होताना वाफेतली उष्णता मोकळी होते. हवा आणखी तापते, आणखी वर जाते, खाली दाब आणखी घटतो आणि चारी बाजूंनी वारा आत धावतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ न येता गरगरत येतो. पानुइतानसारखं बेट या यंत्राच्या वाटेत आलं, तर ते खडीवरून भरधाव एसटी जावी तसं वरून निघून जातं. बेट एवढंसं, वादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा. खालचा उबदार समुद्र क्षणभरही तुटत नाही. म्हणून बेटाला वादळ भरात असतानाच भेटतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘युतू’ या टायफूनचा डोळा पॅसिफिकमधल्या टिनियन या जेमतेम शंभर चौरस किलोमीटरच्या बेटावरून गेला, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास असल्याचा अंदाज होता.

गंमत म्हणजे अशा बेटांना समुद्राचा फुगवटा त्या मानाने कमी सोसावा लागतो. खोल पाण्यातून एकदम वर आलेल्या लहान बेटाला पाणी वळसा घालून निघून जातं. लाटा उंच येतात, पण समुद्रच्या समुद्र वर चढत नाही. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला तळ उथळ आहे आणि किनारा कुपीसारखा निमुळता होत गेला आहे. तिथे वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला जायला जागाच नसते. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेली, ती मुख्यतः या चढलेल्या समुद्राने.

जमिनीवर शिरलं की मात्र वाफेचा पुरवठा तुटतो आणि झाडं, घरं, डोंगर वाऱ्याला अडवायला लागतात. काही तासांतच वारा पडतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो, त्यामुळे ताशी दोनशेचा वारा पन्नासवर आला की त्याचा रेटा सोळावा हिस्सा उरतो. पत्रे उडत नाहीत, खांब पडत नाहीत, दूरचित्रवाणीचे कॅमेरे परत फिरतात. पाऊस या हिशेबाने कमी होत नाही. पाऊस किती पडणार हे ठरतं हवेत बाष्प किती आहे, ती हवा वर किती उचलली जाते आणि ते क्षेत्र किती सावकाश पुढे सरकतं यावर. वारा मेलेलं वादळ या तिन्ही बाबतींत चांगलं जिवंत असू शकतं. बेटाला वादळाचा वारा मिळतो, उथळ किनाऱ्याला समुद्र आणि आपल्याला पाणी.

याचा धडधडीत पुरावा म्हणजे ऑक्टोबर २०२०. उपसागरातला एक पट्टा १३ ऑक्टोबरच्या सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आला. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की ‘चक्रीवादळ’ म्हणतात आणि मगच त्याला नाव मिळतं. हे तिथवर पोचलंच नाही; त्याचा हुद्दा ‘अतितीव्र कमी दाबाचा पट्टा’ एवढाच राहिला. काकीनाडा ते तुळजापूर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. हे अंतर त्याने दीड दिवसात कापलं. वाटेत हैदराबाद बुडवलं, कलबुर्गीकडून सोलापूर-उस्मानाबादवर आलं. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, त्या रात्री पुण्यात रस्त्यांचे ओढे झाले. पुढे तो पट्टा अरबी समुद्रात उतरला आणि तिथे पाणी पिऊन पुन्हा थोडा तरारला.

आपल्या तालुक्यात काटगाव आणि अपसिंगा ही नावं त्या आठवड्यात राज्यभर ऐकू आली, कारण पाहणीला मुख्यमंत्री तिथे आले होते. खरं नुकसान पाहायचं तर कुठल्याही शिवारात शिरावं लागत होतं. सोयाबीन कापून गंजी लावलेल्या होत्या. ताडपत्री वरून टाकता येते, पण पाणी खालून आलं. गंजीच्या तळातल्या शेंगा आधी काळ्या पडल्या, मग आतल्या दाण्याला कोंब फुटून तो शेंग उकलून बाहेर आला. उभ्या पिकातही तेच झालं. नदीकाठच्या रानांची तर मातीच गेली. ‘खरडून गेली’ हा महसुली कागदावरचा शब्द तिथे अक्षरशः खरा होता, खालचा मुरूम उघडा पडला होता.

एका एकराचा हिशेब मांडू. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर साधारण चार लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. उन्हाळ्यात एका टँकरसाठी भांडणाऱ्या गावात एका रात्रीत प्रत्येक एकरावर चाळीस! आणि वाफेचं पाणी होताना दर लिटरमागे सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता मोकळी होते. म्हणजे एकराच्या वाट्याला पावणेतीन-तीन लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ती दोनशे वर्षांहून अधिक पुरेल. वादळाला जमिनीवरही इतका दम कुठून येतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

इथे काळ्या मातीचं एक वेगळंच प्रकरण आहे. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. चार महिने पाणी पिऊन ती फुगली की भेगा मिटतात आणि माती जवळजवळ पाणी आत घेणं थांबवते. जूनमधला १०० मिलिमीटर पाऊस आणि ऑक्टोबरमधला १०० मिलिमीटर पाऊस पर्जन्यमापकात सारखे दिसतात, रानात नाही. पहिला मुरतो. दुसरा बांध फोडून ओढ्याला लागतो.

भिजलेली जमीन आणखी एक उपद्व्याप करते. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या थेरेसा अँडरसन आणि मार्शल शेफर्ड यांनी जगभरातली जमिनीवर खोल शिरलेली वादळं तपासली, तेव्हा काही वादळं आत गेल्यावर विरण्याऐवजी टिकून राहिलेली, क्वचित वाढलेलीही आढळली. जिथे जमीन आधीच चिंब होती तिथे तिच्यातून उठणारी वाफ समुद्राचं काम थोडंफार करत होती. या परिणामाला ‘तपकिरी महासागर’ असं नाव मिळालं. आपल्याकडचा महासागर काळा म्हणावा लागेल.

हाच मुलूख एरवी पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही रुसत-फुगत. इथून ४५ किलोमीटरवर सोलापुरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये विमानं उडवून ढगांत बीजारोपण केलं, २७६ ढग अभ्यासले आणि पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढला. ढगाकडून मिनतवारीने असा वाढीव पाऊस मिळवायचा आणि पुढच्याच वर्षी एका बिननावाच्या पट्ट्याने रानं धुऊन न्यायची, असा हा प्रदेश आहे.

बालाघाटाच्या कण्यामुळे पाण्याच्या वाटाही फुटतात. तुळजापूरजवळची बोरी नळदुर्गाकडे धावते, किल्ल्यातल्या पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधब्यांच्या रूपाने कोसळते, मग अक्कलकोटजवळच्या कुरनूर धरणातून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळते. २०२० मध्ये अक्कलकोट तालुक्यातल्या गावांत शिरलं ते तिचंच पाणी. डोंगराच्या उत्तरेला पडलेला पाऊस तेरणेत, तिथून मांजरेत आणि गोदावरीत जातो. गोदावरीचं मुख काकीनाड्याच्या परिसरात आहे. जिथून पट्टा आत आला, तिथेच त्याचं पाणी यथावकाश समुद्राला परत गेलं; जाताना आपली माती घेऊन गेलं.

पुढच्याच वर्षी ‘गुलाब’ आलं. याला मात्र नाव होतं. २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर ते चक्रीवादळ होतं. मराठवाड्यात पोचेपर्यंत हुद्दा घसरला होता, पण मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि मांजरा-तेरणेकाठची माणसं गावात कोंडली गेली. नंतर तेच अवशेष अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकले. आंध्रात नाव, ओमानमध्ये नाव, मधल्या मराठवाड्यात मात्र नुसता ‘परतीचा पाऊस’. माझ्या मते घोळ इथेच आहे. वर्गवारी वाऱ्यावर केलेली आहे, कारण ती जहाजांसाठी आणि किनाऱ्यासाठी जन्माला आली. हुद्दा उतरला की ऐकणाऱ्याला वाटतं संकट उतरलं. रंगाचा इशारा जिल्ह्यापुरता येतो, पण ‘कमी दाबाचा पट्टा’ या शब्दाने कुणी गंजी हलवत नाही.

याबाबतीत एक चांगली गोष्ट घडली, तीही २०२० च्या त्या पट्ट्यानंतर नऊ दिवसांनी. २३ ऑक्टोबर २०२० ला हवामान विभागाने दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शक यंत्रणा सुरू केली. तिच्यात नुसता पाऊस मोजत नाहीत. जमीन आधीच किती भिजली आहे हेही धरतात आणि पुढच्या सहा व चोवीस तासांत छोट्या-छोट्या पाणलोटांत पूर येण्याचा धोका काढतात. काळ्या मातीला हाच प्रश्न विचारायला हवा होता.

भरपाईचे नियम मात्र अजून घड्याळावर चालतात. पीकविम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवण्याची अट होती. शिवारात जायला वाट नाही, वीज नाही, मोबाइल चार्ज नाही, अशा स्थितीत २०२० च्या खरिपात जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांचे दावे याच मुद्द्यावर अडकले आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

दुसरं घड्याळ पर्जन्यमापकाचं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. समजा रात्री दोनला पाऊस लागला आणि दुपारी उघडला: साडेआठच्या आधी ६०, नंतर ६०. रानावर १२० मिलिमीटर पडले, पण कागदावर अतिवृष्टीचा दिवस एकही नाही. पूर्वी माणूस सकाळी जाऊन नळी मोजायचा, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता मंडळामंडळात स्वयंचलित केंद्रं आहेत आणि ती तासातासाची नोंद ठेवतात. सलग कोणतेही २४ तास धरून ती बेरीज करायला नवं यंत्र लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.