ओंडका कुठे बसतो?

यंत्राचा बुद्ध्यांक माणसाच्या पुढे गेल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. त्या वाचताना अलेक्झांडर लुरिया यांचा ओंडका हाताशी असावा. या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रं दाखवली आणि गटात न बसणारं कोणतं, असं विचारलं. शाळेत गेलेलं पोर ओंडक्यावर बोट ठेवतं. शेतकऱ्यांच्या मते चारही हवीत. ओंडकाच नसेल तर करवत चालवायची कशावर? काही लोक ओंडका वेगळा काढतात, असं सांगितल्यावर एकाने तर्क लढवला, की त्यांच्या घरी सरपण भरपूर असणार! (चाचणीत याला गुण शून्य, पण हे उत्तर मठ्ठ माणसाचं वाटतं का?) त्याच भागातले थोडंफार शिकलेले तरुण मात्र अवजारं बिनदिक्कत एका बाजूला काढत. त्यांची जन्मजात बुद्धी वाढली नव्हती. वस्तूकडे उपयोगाऐवजी प्रकारावरून पाहायची सवय लागली होती. सोव्हिएत राज्यकर्त्यांना हे संशोधन रुचलं नाही आणि त्यावरचं पुस्तक १९७४ पर्यंत रखडलं. बुद्धिमापनाचे कितीतरी वाद तोवर त्याच्याविनाच लढले गेले.

या सवयीने आणखी एक कोडं सुटतं. अमेरिकेत बुद्ध्यांक दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत आल्याचं जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. सरासरी तरीही १०० दिसते, कारण चाचणीचे निकष अधूनमधून नव्याने ठरवले जातात. आजचे निकष लावले तर शंभर वर्षांपूर्वीचे जवळपास निम्मे अमेरिकन मंदबुद्धी ठरतील, जे उघडच हास्यास्पद आहे. अंकगणितात वाढ किरकोळ. कुत्रा आणि ससा यांत साम्य काय, असल्या प्रश्नांत मात्र भरघोस. फ्लिन यांनी स्पष्टीकरणासाठी लुरियांचाच आधार घेतला. यावर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. एका विषयात वरचढ मुलं बहुधा इतर विषयांतही वरचढ असतात, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं. शिवाय बुद्ध्यांकावरून शालेय यशाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. खरंच आहे, पण एका काळात, सारख्या शाळांत वाढलेल्या मुलांची तुलना करताना. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसला चाचणी बनवली तीच मुळी शाळेसाठी, जादा मदत लागणारी मुलं ओळखायला. बुद्धी लांबीसारखी मोजता येत नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. यंत्र तर शिकल्यासवरल्या माणसांच्या मजकुरावरच पोसलेलं. ते ओंडक्यावर चटकन बोट ठेवणारच; सरपण संपल्याची धास्ती त्याला कुठली?