शेळीला दोन सड असतात

१९८९ साली माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर मी रुजू झालो, तेव्हा तिसरी-चौथीचे लेखनाचे विषय ठरलेले होते. गाय, मोर, माझी शाळा, दिवाळी. प्रत्येकी दहा ओळी. मी फळ्यावर लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तशाच्या तशा लिहायची. ‘गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ हे वाक्य मी किती वह्यांत तपासलं असेल, मोजदाद नाही. त्यातली निम्मी मुलं सकाळी शेणघाण काढून शाळेत यायची. त्यांना गायीबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं अक्षरही वहीत नसायचं.

डी.एड.ला आम्ही अनुलेखन, श्रुतलेखन, मग निबंध अशी पायरी शिकलो होतो. वळणदार अक्षर, शुद्ध ऱ्हस्वदीर्घ. लिहिलेलं कोण वाचणार आहे आणि त्याला काय ठाऊक नाही, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो विचारणाऱ्या शाळा तेव्हा होत्या. शेजारच्या फलटणला मॅक्सिन मावशींनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली होती. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय १९८५ पासून मुलांच्या अनुभवाला वर्गात आणत होतं. माझ्यापर्यंत ते सगळं फार उशिरा पोचलं. मला पहिला धडा मिळाला तो तिसरीतल्या एका मुलीकडून, १९९७ च्या पावसाळ्यात.

त्या दिवशी गायीच्या धर्तीवर मी शेळीच्या ओळी फळ्यावर देत होतो. ‘शेळीला चार पाय असतात. शेळीला चार सड असतात.’ सगळ्यांच्या पेन्सिली चालत होत्या, एक थांबली. “गुर्जी, शेळीला दोनच सड अस्त्यात.” मी फळ्याकडे पाहिलं. गायीची ओळ मी शेळीला लावली होती. मी ती पुसली आणि तिला म्हटलं, “अजून सांग.”

ती सांगत गेली. शेळी पाच महिन्यांनी विते. कधी एक करडू, कधी दोन, क्वचित तीन. तीन झाली की एकाला बाटलीनं पाजावं लागतं. बाभळीच्या शेंगा खायला मिळाल्या की शेळी खूश. ओला पाला फार खाल्ला की पोट फुगतं. मग बाकीची मुलंही बोलायला लागली. मी नुसता लिहीत होतो. फळा भरला, तास संपला, पुढचं गणित बुडालं.

दुसऱ्या दिवशी तोच फळा समोर ठेवून विचारलं, यातलं खाण्याचं कुठलं, पिलांचं कुठलं, दुखण्याचं कुठलं? मुलांनी रंगीत खडूनं खुणा केल्या. एकेका रंगाचं एकेक टिपण झालं. तो क्रम मी पुढे पंचवीस वर्षं पाळला: आधी भरपूर बोलायचं, मग वाटण्या करायच्या, मग लिहायचं, मग ज्याच्या घरी शेळी नाही अशा मुलाला वाचायला द्यायचं. त्याला जे कळलं नाही ते पुन्हा लिहायचं. वाचणाऱ्या मुलाचे प्रश्न माझ्या लाल शाईपेक्षा कितीतरी कामाचे ठरले.

लहान मुलाचं लेखन माहितीकडे नेमकं कुठे वळतं, ते मला त्या मुलीच्या वहीत दिसलं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘आमची चंद्री काल झाडावर चढली.’ ही गोष्ट झाली. मी विचारलं, एकटी चंद्रीच चढते का? दुसरं वाक्य आलं, ‘शेळ्या झाडावर चढत्यात.’ काल गेला, चंद्री गेली, वाक्य सगळ्या शेळ्यांबद्दल बोलायला लागलं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, आमची म्हातारी शेळी नाही चढत. मग तिसऱ्यांदा लिहिलं, ‘काही शेळ्या तिरक्या झाडावर चढत्यात.’ त्या ‘काही’साठी मी तिच्या वहीवर बरोबरची खूण केली, ‘चढत्यात’ला हात लावला नाही. प्रमाणभाषा शेवटच्या खेपेला येते, पहिल्या खेपेला नव्हे. याबद्दल तपासणीला आलेल्या साहेबांशी माझा वाद झाला होता आणि आजही माझं मत तेच आहे.

दरम्यान अभ्यासक्रम बदलत राहिले. १९९० च्या दशकात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि क्षमतांचे क्रमांक आम्हांला पाठ झाले. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकानं लिहायच्या होत्या. विचार अतिशय चांगला. पण बाजारात तयार नोंदींचे संच आले आणि आम्ही शिक्षकांनी ते उतरवून काढले. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण मुलांकडून आम्ही जे करवून घेतलं होतं, तेच आमच्या हातून होत होतं. ज्याला समोरच्या एका मुलाची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, तो मुलांना माहिती लिहायला कसं शिकवणार?

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं झालं, ही मला मोठी गोष्ट वाटते. सातारा त्यात आला. आमच्या वाडीचा ओढा मात्र कुठल्याही पुस्तकात येणार नव्हता, म्हणून तो आम्ही लिहिला. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, मधोमध सुईदोरा. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या पडल्या. घरची माणसं जनावरांबरोबर छावणीत, मुलं शाळा सुटली की तिकडे. चौथीतल्या एका मुलानं ‘छावणीची माहिती’ लिहिली: नोंद कशी करतात, वैरण वजनावर कशी मिळते, लहान जनावराला मोठ्याच्या निम्मी का. सोबत दावणींचं चित्र, बाण काढून नावं दिलेली. त्या वर्षी आमच्या शाळेत याहून नेमकं दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. कांदा कसा साठवतात ते लिहून मुलं पानाचा फोटो मोबाइलवर पाठवायची. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांची पानं मी पारावर बसून वाचली. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आलं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे लक्ष्य. वाचायला यायलाच हवं. पण घड्याळ लावून मोजता येतं तेवढ्याकडेच शाळेचं लक्ष वळतं, आणि तीनदा खोडून लिहिलेलं एक वाक्य कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ते बसावं म्हणून आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी दर वेळी बोललो.

२०२३ मध्ये निवृत्त होताना कपाटाचा चार्ज देत होतो. कॅलेंडरची पुस्तकं यादीत नव्हती, तरी ती मी बाहेर काढली. ‘छावणीची माहिती’च्या शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं, वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘शेळ्यांना छावणीत का घेत नव्हते?’ कधी लिहिलं, कुणी लिहिलं, नाव नव्हतं. पान तिथेच संपलं होतं. मी सुईदोरा मागवला, मागे दोन कोरी पानं शिवली आणि पुस्तक फळ्याशेजारच्या दोरीला अडकवलं.