निपाणीहून मुंबईला, व्हाया बेंगळूर

रात्रीचे साडेनऊ. निपाणीतल्या एखाद्या घरात पोरगं व्हॅलोरंट खेळत बसलंय. पडद्याच्या कोपऱ्यातला ३८ चा आकडा एकदम २१० होतो, आणि समोरचा गडी दिसायच्या आत याचा खेळ खलास. "लॅग मारतंय, पप्पा! मोठा प्लॅन घेऊया." पप्पा पैसे भरतात. आठवड्यानं बघावं तर आकडा तसाच उड्या मारतोय.

पैसे भरले की पिंग उतरतं, हा या खेळातला सगळ्यात महागडा गैरसमज. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माल जातो ते. पिंग म्हणजे एक निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. महामार्ग सहापदरी केला म्हणून निपाणीहून कोल्हापूर जवळ येत नाही, ते चाळीसेक किलोमीटरवरच राहतं. आणि गेमला माल लागतो तरी किती? कोण कुठं उभा आहे, चाप कुणी ओढला, एवढीच देवाणघेवाण. एक-दोन एमबीपीएस त्याला पुरून उरतात.

मग २१० कुठून आले? बहुतेक वेळा आतल्या खोलीतून. तिथं कुणाच्या तरी मोबाइलमधून लग्नाचे व्हिडिओ वर चढत असतात. ते सगळे राउटरपाशी रांग लावतात आणि गेमचा चिमुकला निरोप कोगनोळी नाक्यावर ट्रकांमागं दुचाकी अडकावी तसा मागं उभा राहतो. जिम गेटिस या अमेरिकी तंत्रज्ञानं या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ केलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आवरणारी 'कोडेल' ही पद्धत मांडली. काही राउटरांत ती 'एसक्यूएम' नावाच्या सेटिंगमध्ये मिळते. वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा दहाएक टक्के खाली ठेवायची, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या ताब्यात राहते. मोठ्या प्लॅननं रांग लवकर सरते, हे खरं. पण अपलोड तेवढंच राहिलं तर तेही नाही.

दुसरा समज: सर्व्हर मुंबईत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. बेळगाव-मुंबई अंतर पाचशेच्या आसपास, तेव्हा हिशेबानं पाचच मिलिसेकंद पडायला हवेत. पण निरोप एसटीच्या रस्त्यानं जात नाही, कंपनीच्या जाळ्यानं जातो. बेळगाव-निपाणी कर्नाटक टेलिकॉम सर्कलमध्ये, पलीकडचं कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. कंपनीचं मुख्य केंद्र बेंगळुरात असलं तर निरोप आधी पाचशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन मग हजारेक किलोमीटर मुंबईकडं वळू शकतो. संगणकावर 'ट्रेसर्ट' ही आज्ञा दिली की वाटेतल्या थांब्यांची यादी उमटते, आणि त्या नावांत कित्येकदा शहरांची आद्याक्षरंही सापडतात.

सीमाप्रश्न इथंही आडवा आला, असं म्हणायचा मोह होतो. पण या वळशाची किंमत दहाच मिलिसेकंद. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतो, म्हणजे दर आठेक मिलिसेकंदांनी एकदा. वळशात जातो तो असा जेमतेम सव्वा ठोका. स्थिर ४५ वर चांगला खेळाडू हात बसवतो. ३० वरून २०० वर जाणाऱ्या आकड्यावर कुणाचाच बसत नाही.

डीएनएस बदलणं हा तिसरा लाडका उपाय. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता सांगतो, सामना सुरू झाल्यावर त्याचं काम उरत नाही. 'पिंग बूस्टर' म्हणून विकले जाणारे व्हीपीएन कंपनीची वाट खरोखरच वाकडी असेल तरच कामाला येतात. नाहीतर तो आणखी एक थांबा.

खरी गोम पुष्कळदा भिंतीत निघते. बेळगावच्या जुन्या घरांतल्या जाड दगडी भिंतींपुढं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय धापा टाकतं, आणि २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल असतात अवघे तीन: १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्यातच कोंबलेले. म्हणून कंपनीला फोन लावण्याआधी पिंगची आज्ञा आपल्याच राउटरच्या पत्त्यावर द्यावी. लॅन केबल लावून तिथं एखादा मिलिसेकंद दिसतो, आणि केबल काढून वायफायवर आलं की तोच आकडा साठ-सत्तरवर उडू लागला, तर बिघाड बेंगळुरात नाही, माजघरात आहे.