कॅसेटमधले गेम, आज पुन्हा खेळताना

जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चाळिशीतली मंडळी हळवी होतात आणि गुणदोषांचं बोलणं बारगळतं. निन्टेंडोचा फॅमिकॉम हा गेम खेळायचा संच जपानमध्ये १९८३ साली आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला, आणि सोबत हजारो गेमचं आमिष दाखवणारी कॅसेट. त्यात खरे गेम मोजकेच, बाकी नावं बदलून तेच ते. या मोजक्यांना आज लावायची माझी कसोटी साधी आहे : मेलो, तर चूक आपली होती का?

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) इथे अजूनही अव्वल. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवला. ढग आणि झुडूप हे एकच चित्र, रंग तेवढा निराळा. खरी करामत मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे. समोरून गुंबा नावाचा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात. मग ठोकळ्याला डोकं आपटलं की मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, नळावर आपटून तुमच्याच अंगावर येतं. चुकवायला जावं तरी बहुधा लागतंच, आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता नियम कळले! पण चौथ्या आणि सातव्या जगातल्या किल्ल्यांत वाट चुकली की तोच रस्ता पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि चुकलात हे सांगणारा साधा आवाजही होत नाही. वेळ संपून मरायचं. ही निव्वळ दांडगाई.

दांडगाईचा कळस म्हणजे कॅपकॉमचा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'. पायाखालच्या जमिनीतून प्रेतं उगवतात, एका फटक्यात चिलखत जाऊन सरदार चड्डीवर येतो आणि एवढं करून शेवट गाठला, तर हा सगळा सैतानाचा डाव होता, पुन्हा पहिल्यापासून खेळा, असं उत्तर मिळतं.

कोनामीचा 'कॉन्ट्रा' दोघांनीच खेळावा. एक गोळी लागली की जीव गेला आणि कमावलेली 'एस' बंदूकही. तरी गोळ्या डोळ्यांना दिसतील इतक्या संथ येतात, त्यामुळे राग स्वतःचाच येतो. अपवाद धबधब्याचा. तिथे एकजण भराभर वर चढला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला जोडीदार फुकट मरतो. किती भावंडांत यावरून हाणामारी झाली असेल! तीस जीव देणारा तो प्रसिद्ध कोड मुळात कोनामीच्याच 'ग्रेडियस'साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी केला, कारण तपासताना गेम त्यांनाच झेपेना.

नामकोचा 'बॅटल सिटी', म्हणजे आपला टँकवाला गेम, मात्र उगाच दुय्यम ठरला. पस्तीस टप्पे एकसुरी आहेत, कबूल. पण यात स्वतःचा नकाशा रचता येतो : ज्याला राखायचं त्या गरुडाभोवती विटांऐवजी पोलादी भिंत उभारा आणि निवांत बसा. कॅसेटमध्ये काहीच साठत नसल्यामुळे बटण बंद केलं की ती रचना गेली.

'डक हंट' हा गेमपेक्षा जादूचा प्रयोग जास्त. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. एका बदकाच्या प्रकारात दुसऱ्या माणसाला रिमोटने बदक हवं तसं उडवता येतं, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे ती जुनी बंदूक तिथे कितीही नेम धरला तरी आंधळीच.