मुदत पक्की, मुद्दलाचे काय?

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. 63 बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने ठेवला. ठेवीदाराकडे पावती होती, तिच्यावर व्याजदर आणि मुदतीची तारीख होती. आपला पैसा कोणाच्या कर्जात गेला, हे कळायला मात्र मार्ग नव्हता. बँकेविना चालणाऱ्या क्रिप्टो-कर्जव्यवहाराचे, म्हणजे ‘डीफाय’चे, समर्थक नेमके इथेच बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तिथे व्यवहार सांभाळतो तो ब्लॉकचेनवरचा संगणकीय करार. आवे किंवा कंपाउंड या डीफाय-प्रणालींवर व्याजदर मागणीप्रमाणे सतत हलतो, म्हणून नोशनल, यील्ड प्रोटोकॉल या प्रणालींनी पक्क्या व्याजाच्या मुदतीची सोय काढली. समजा, वर्षाने 100 डॉलर देणारे टोकन आज 95 डॉलरला घेतले, तर सुमारे सव्वापाच टक्के व्याज पहिल्याच दिवशी ठरते. कर्जदाराला कर्जाहून जास्त किमतीचे, इथर या क्रिप्टो-चलनासारखे तारण ठेवावे लागते. त्याचा भाव ठरल्या पातळीखाली गेला की ते विक्रीला निघते. प्रत्येक कर्ज आणि त्यामागचे तारण कोणालाही तपासता येते. तारणाविना बनावट खाते उघडायला तिथे वावच नाही.

तरीही कर्नाळाच्या ठेवीदारांना हात दिला तो कायद्याने. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्येच एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. त्यामुळे 95 टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. जादा तारण हाच आमचा विमा, असे यावर डीफाय-समर्थकांकडून उत्तर मिळते. ते अपुरे आहे. बाजार कोसळला की सगळ्यांचे तारण एकदमच घसरते, आणि करारातली चूक तारणालाही वाचवत नाही. मार्च 2023 मध्ये ऑयलर या कर्ज-प्रणालीतून सुमारे 20 कोटी डॉलर गेले, तेही तपासणी झालेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या कोडमधून. बरीचशी रक्कम परत आली, पण ती चोराने परत केली म्हणून! यील्ड प्रोटोकॉलने तर पक्क्या व्याजाच्या कर्जाला पुरेशी मागणी नाही म्हणून 2023 मध्ये गाशा गुंडाळला. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा वजा करता येत नाही, हे वेगळेच.

म्हणून म्हातारपणाची पुंजी या टोकनांत घालू नये. त्यांच्यासारखी उघडी वही मात्र आपण आपल्या बँकांकडे मागायलाच हवी. सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मोठी कर्जे, त्यांचे तारण आणि थकबाकी सभासदांनी विचारावी. पतसंस्थेतल्या ठेवीला तर तो पाच लाखांचा विमाही नाही.