भाषा अनेक, सूर आपला



जामुलच्या बाजारात घटकाभर उभे राहिले, तर किती भाषा कानावर पडतात? भाजीवालीची छत्तीसगढी, दुकानदाराची हिंदी, कारखान्यांच्या नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या घरांतली तेलुगू, बंगाली, ओडिया, मल्याळम, पंजाबी आणि आपली मराठी. शाळेत त्यात इंग्रजीची भर पडते. मग पालक विचारतात, "एवढ्या गर्दीत मुलाचे मराठी बिघडणार नाही ना?" आणि छात्र विचारतात, "माझी इंग्रजीच अजून कच्ची आहे, मी परकीय भाषा कशी शिकणार?"

दोन्ही प्रश्नांमागे समज एकच आहे. डोक्यात भाषेसाठी ठराविक जागा असते, नवी आली की जुनीला बाहेर पडावे लागते, असा तो समज. तो कितपत खरा आहे, हे आपल्याच परिसरातल्या उदाहरणांवरून पाहू.

माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. हिंदी गद्याच्या इतिहासात त्यांचे नाव मानाने घेतले जाते. याच सप्र्यांनी समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. मराठी त्यांच्यात मुरलेली होती, म्हणूनच हे ग्रंथ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले. नव्या भाषेने जुनीला हाकलले नाही, उलट तिला काम दिले.

दुसरे उदाहरण दुर्गच्या पुढे, राजनांदगावचे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. ते हिंदीतले मोठे कवी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. त्यांना 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घर एक, भाऊ दोन, लिहिण्याच्या भाषा दोन. आणि दोघांचाही सूर स्वतःचा. म्हणजे लिहिण्यातला सूर भाषा आपल्याला आयता देत नाही. तो लिहिणाऱ्याच्या पाहण्यातून आणि विचारातून येतो.

आता परकीय भाषेकडे वळू. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला. 1955 साली करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तज्ज्ञ इथे राहिले, भारतीय अभियंते तिकडे प्रशिक्षणाला गेले. रशियन ही इथे हौस नव्हती, कामाची गरज होती.

मराठी मुलाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. हिंदीत लिंगे दोन; मराठीत आणि रशियनमध्ये तीन. इंग्रजीत तिघांनाही 'वॉज' हे एकच रूप चालते. आपण म्हणतो होता, होती, होते. रशियन माणूस लिहितो बिल, बिला, बिलो. आपल्यासारखेच तिथेही भूतकाळी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखी जवळिकीची आणि आदराची दोन रूपे तिथेही आहेत. विभक्ती तर तुम्ही व्याकरणाच्या तासाला शिकलाच आहात. रशियनमध्ये त्या सहा मानतात. ज्याला स्वतःच्या भाषेचे व्याकरण कळते, त्याच्या हाती नव्या मुलखाचा अर्धा नकाशा आधीच असतो.

उलट, जवळच्या भाषेत अधिक सावध राहावे लागते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. फायरिंग रेंजवर 'खाली कर' असा हुकूम आला, तर शस्त्र रिकामे करायचे असते. नुसते मराठी कानाने ऐकणारा ते फक्त खाली झुकवील. तिथे एका शब्दाच्या चुकीची किंमत मोठी असते. म्हणून दोन भाषांची सरमिसळ होऊ न देणे ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत अरबी, चिनी, फ्रेंच आणि रशियन या भाषा शिकवल्या जातात. त्यामागेही हाच व्यवहार आहे. शांतिसेनेत काँगोला गेलेल्या अधिकाऱ्याला फ्रेंच लागते, लेबनॉनमध्ये अरबी. गावकऱ्याशी त्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलता आली, की संशय कमी होतो आणि नेमकी माहिती मिळते.

मग मराठीचे काय? ती टिकते वापराने. वसतिगृहातून घरी जाणारी पत्रे पाहा. "मी येथे खुशाल आहे, तुम्ही खुशाल असालच." हे पत्र कोणीही कोणालाही लिहिलेले असू शकते. त्याऐवजी पहाटेच्या धावण्यात कोणत्या वळणावर दम लागला, मेसमधली डाळ आईच्या वरणापेक्षा वेगळी का लागते, हे लिहा. खाली सही नसली तरी आई अक्षर न पाहता ओळखेल की हे माझ्याच मुलाचे. लिहिण्यातला सूर म्हणतात तो हाच. नागपूरकडच्या घरात कोणी "तो येऊन राहिला" म्हणत असेल, तर त्याची लाज नको. परीक्षेच्या उत्तरात प्रमाण मराठी लिहावी, घरच्या पत्रात घरची.

एक बारकावाही लक्षात ठेवा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत आणि हिंदीत ती सोय नाही. "आम्ही जिंकलो" म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, "आपण जिंकलो" म्हणताना तो आत येतो. तुकडीचे नेतृत्व करणाऱ्याने हा फरक जाणून बोलावे.

यासाठी नेम साधा ठेवावा. रोज नव्या भाषेतली पाच वाक्ये मोठ्याने म्हणावीत. नुसते शब्द पाठ करू नयेत. दर रविवारी एक पान मराठीत लिहावे आणि ते घरी पाठवावे. पालकांनीही उत्तर मराठीतच, हाताने लिहून द्यावे. वर्षाला बावन्न पाने होतात. तेवढ्या पानांत मराठी पक्की होते आणि मुलगा काय विचार करतो आहे, तेही घरच्यांना कळते.